अक्षरार्थ की रूपकार्थ: चांगल्या शोमरोन्याचा दाखला

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, प्रवचन करताना कोणता अर्थ धरावा, या पेचात पडलेल्या एका तरुण उपदेशकासाठी हे लिहितो आहे. दाखल्यात लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूच्या जखमांवर एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या समाजाचा माणूस, तेल व द्राक्षारस ओततो आणि त्याला उतारशाळेत नेतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनच्या रूपकार्थात जखमी वाटसरू म्हणजे पहिला मानव आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च). धर्मसुधारक कॅल्विनने 16व्या शतकात हे नाकारले. संहितेशी इमान या कसोटीवर मला कॅल्विनचेच पटते, कारण येशू उत्तर देतो ते “माझा शेजारी कोण?” या प्रश्नाला, आणि रूपकात तो प्रश्नच हरवतो. कष्ट अक्षरार्थालाही पडतात: यहुदी-शोमरोनी वैर समजावल्याशिवाय जखमांवर ओतलेल्या तेल-द्राक्षारसाचे मोल कळत नाही. आचरण शिकवायचे असल्यास अक्षरार्थ घ्यावा. तारणाच्या कथेवर उपासनेत मनन करायचे असल्यास रूपकार्थ.