जुना हायड्रोस्टॅटिक डोझर: पंप स्वस्त, पितळेचा चुरा महाग

कॅटरपिलर डी५के, जॉन डिअर ६५०जे, कोमात्सु डी३९-२२. अमेरिकेच्या जुन्या मशीनच्या बाजारात हे तिघे एकाच रांगेत उभे दिसतात. इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचं, वजन साडेआठ ते साडेनऊ टनांच्या घरात, आणि तिघांचीही चाल हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर. यांत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरपेटीमधला तेलाचा जोड) नाही, गिअर बदलणं नाही, स्टिअरिंग क्लचही नाहीत. इंजिनमागे दोन पंप, प्रत्येक चेनला आपली मोटर. डावा पंप डाव्या मोटरला तेल देतो, उजवा उजव्या मोटरला. वळायचं असेल तर एका बाजूचं तेल कमी होतं, जागेवर फिरायचं असेल तर एक बाजू उलटी चालते.

नागपूर-चंद्रपूरच्या कोळसा खाणींत बीईएमएलच्या बीडी१५५ किंवा बीडी३५५ या टॉर्क कन्व्हर्टरच्या डोझरवर हात बसलेला ऑपरेटर यावर बसला की पहिल्या दिवशी फसतो. तशा डोझरवर ओझं वाढलं की इंजिनचा आवाज आणि चेनचा वेग एकत्र खाली येतात, कानाला लगेच कळतं. हायड्रोस्टॅटिकवर इंजिन दबायला लागलं की कंट्रोलर पंपाची स्वॉशप्लेट (पंप किती तेल देईल ते ठरवणारी तिरकी तबकडी) मागे घेतो, इंजिनचे फेरे टिकून राहतात आणि चेन हळू होते. हे तसं बनवलेलंच आहे. पण त्यामुळे कमजोर पंपसुद्धा गरीब गायीसारखा वागतो, आणि मशीन बघायला आलेला माणूस "इंजिन मस्त आहे" म्हणत परत जातो.

थंड तेलावर केलेली चाचणी शून्य मोलाची. झिजलेल्या पंपातलं तेल आतल्या आत पळतं, आणि तेल जितकं पातळ तितकं जास्त पळतं. सकाळी सुरू केल्यावर मशीन ढिगाऱ्याला भिडतं, अर्ध्या तासाने तेच मशीन चढावर दम टाकतं. म्हणून विक्रेत्याला आधी फोन करा आणि इंजिन थंड ठेवायला सांगा. आपण गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच फिरवून ठेवलंय, थंड सुरुवातीचा धूर आणि आवाज आपल्यापासून लपवलाय. मग तीस-चाळीस मिनिटं माती ढकलायला लावा आणि त्यानंतरच पुढचं बघा.

सपाट जागेवर ब्लेड उचलून तीस-चाळीस मीटर सरळ चालवा. आधी हळू, मग पूर्ण वेगाने, पुढे आणि मागे. मशीन पुढे जातानाही आणि मागे येतानाही एकाच बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा पंप किंवा मोटर मागे पडतेय. फक्त पुढे जाताना ओढत असेल आणि मागे येताना सरळ येत असेल, तर पंप बदलायच्या गप्पा करू नका. प्रत्येक दिशेला जादा दाब सोडणारा वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्याच्या सीटवर एखादी कणी अडकली तरी असं होतं, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोलरमधली दोन बाजूंची जुळणी, हललं असेल तरी. हा दोष खिशातल्या पैशांत सुटतो. एक गोम मात्र आहे. मोटरचा वेग सेन्सरने मोजून दोन्ही बाजू जुळवण्याचं काम कंट्रोलर करतो, त्यामुळे हळू चालीत ओढ झाकली जाते. पूर्ण वेगात कंट्रोलरला द्यायला काही शिल्लक उरत नाही, तेव्हा खरी चाल दिसते.

नंतर ब्लेड मातीच्या घट्ट भिंतीला लावून ढकला. निरोगी मशीनच्या दोन्ही चेन जमिनीवर घसरून फिरतात. एक घसरतेय आणि दुसरी उभी राहिली, आणि इंजिन मात्र निवांत असेल, तर उभ्या राहिलेल्या बाजूला दाब तयार होत नाहीये. इंजिनच खाली बसत असेल तर आधी डिझेल फिल्टर आणि टर्बोकडे बघा.

इतकं झालं की गेज लावायचं. दोन आकडे हवेत, दोन्ही गरम तेलावर. पहिला चार्ज प्रेशर. मुख्य पंपांना तेल पुरवणाऱ्या छोट्या चार्ज पंपाचा हा दाब बहुतेक मशीनमध्ये २० ते ३० बारच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मुख्य लाइनचा दाब ४०० बारच्या घरात जातो, म्हणून हा चार्ज पंप कोणाच्या लक्षात राहत नाही. पण बंद सर्किटमधून गळून गेलेलं तेल तोच भरून काढतो, स्वॉशप्लेट हलवायला दाब तोच देतो, आणि स्प्रिंगने बसलेला पार्किंग ब्रेकही बहुधा त्याच्याच दाबाने सुटतो. दाब थोडा कमी झाला की ब्रेक पुरता सुटत नाही. प्लेटा घासत राहतात, फायनल ड्राइव्हची (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीची) बाजू तापते, आणि मशीन "दमलंय" असं वाटतं. अशा मशीनवर सरळ पंपाचं बिल फाडणारे गॅरेजवाले कमी नाहीत.

दुसरा आकडा केस ड्रेनचा. पंपाच्या आणि मोटरच्या पोटात गळलेलं तेल एका बारीक होजने, कूलरमधून, टाकीत परत जातं. ते वळवून मोजपात्रात घ्यायचं आणि एका मिनिटात किती आलं ते बघायचं. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, पण डाव्या-उजव्या बाजूची तुलनाच बरंच सांगून जाते. एका मोटरमधून दुसरीच्या दुप्पट तेल येत असेल तर संशयित सापडला.

या सगळ्याच्या वर मात्र एक गोष्ट आहे, चार्ज फिल्टर. तो खोला आणि कापा. हॅकसॉने कापू नका, करवतीचाच चुरा कागदावर पडतो आणि मग तोच पंपाचा समजून भांडण होतं. फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरा, उन्हात तिरक्या धरा. सोनेरी चमक दिसली तर ते पितळ: पिस्टनच्या टोकाचे स्लिपर किंवा सिलिंडर ब्लॉकचा तळ झिजतोय. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी भुकटी थोडी असतेच. पत्र्यासारखे कण मात्र बेअरिंगचे. काळे तंतू ब्रेकच्या प्लेटांचे, रबराचे तुकडे जुन्या होजचे. फिल्टर अगदी कोरा असेल आणि तेलाचा रंग मधासारखा असेल, तर कोणीतरी विक्रीच्या आधल्या दिवशी तेल बदललंय. अशा मशीनचा तेलाचा नमुना लॅबला पाठवून काही कळणार नाही.

पितळ दिसलं की खर्चाचं गणितच बदलतं. पंप आणि मोटरमधल्या मोठ्या दाबाच्या चक्रात सहसा फिल्टर नसतो. फिल्टर असतो तो चार्जच्या वाटेवर. त्यामुळे पंपाने ओकलेली कणी आधी मोटरमध्ये जाते, तिथे ओरखडे पाडते आणि परत पंपात येते. काही कण केस ड्रेनमधून कूलरमध्ये जाऊन बसतात. कूलरच्या बारीक नळ्यांतून ते पूर्ण निघत नाहीत. नवा पंप बसवून जुना कूलर ठेवला, तर पहिल्या गरम दिवशी तोच चुरा सुटून नव्या पंपात जातो, आणि वॉरंटीवाला बरोबर तेच कारण दाखवून हात वर करतो. अशा वेळी बाजू ओळखायला डावे-उजवे होज अदलाबदल करणं हा तर गुन्हाच आहे. चांगली उरलेली बाजूही त्यात जाते.

अमेरिकेत या आकाराच्या मशीनसाठी रिमॅन्युफॅक्चर्ड (जुना उघडून नव्यासारखा केलेला) पंप, त्याच बाजूची मोटर, कूलर, होज, तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून एका बाजूचं बिल २० ते ३० हजार डॉलर धरून चालावं. त्यात निव्वळ पंपाचा वाटा अनेकदा निम्म्याहून कमी असतो. कोटेशनमध्ये फक्त पंप आणि गॅस्केट दिसलं तर स्वस्त म्हणून खूश होऊ नका, उरलेलं बिल काही महिन्यांनी येतं. कोटेशनमध्ये या ओळी हव्यात: मोटर उघडून तपासणी, कूलर नवा, होजमधून सफाई, टाकी उघडून तळ आणि सक्शन स्ट्रेनर धुणं, पंपाचा टेस्ट बेंच रिपोर्ट. रिपोर्टमध्ये किती फेऱ्यांवर, किती दाबाला, किती लिटर, हे लिहिलेलं असावं. "टेस्टेड ओके" या शिक्क्याला काही अर्थ नाही.

बसवतानाची चूक सर्वात स्वस्तात होते आणि सर्वात महाग पडते. नव्या पंपाचं आणि मोटरचं पोट केस ड्रेनच्या तोंडातून स्वच्छ तेलाने भरायचं. इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडंथोडं फिरवायचं, चार्जच्या गेजची सुई हलेपर्यंत. मग आयडलवर काही मिनिटं, लिव्हरला हात न लावता. कोरडा सुरू केलेला पंप मिनिटभरात स्लिपर जाळतो. पुढे कॅलिब्रेशन, आणि पहिल्या ५० तासांत फिल्टर पुन्हा कापून बघणं.

तिघांपैकी कोणता घ्यावा? ऑपरेटरच्या बाजूने बघितलं तर डी३९-२२ बरा: रेडिएटर मागे असल्याने समोर नाक उतरतं आणि ब्लेडची कड दिसते, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरवर हात बसलेल्याला त्याचा ठरीव वेगांचा क्विक-शिफ्ट मोड लवकर जमतो. बारीक लेव्हलिंगसाठी डी५के. ६५०जे बाजारात मुबलक दिसतो, आणि मुबलक दिसणाऱ्या मशीनचे सुटे भागही सहज मिळतात, हे कमी नाही. पण तिन्हींत मीटरवरच्या तासांपेक्षा फिल्टरचा कागद खरा. ८,००० तास चाललेलं, फिल्टर वेळेवर बदललेलं मशीन ४,००० तासांच्या दुर्लक्षित मशीनपेक्षा घ्यावं.

मशीन बंद पडलेलं आहे आणि ओढून ट्रेलरवर चढवलंय असं समजलं, तर ओढताना ब्रेक सोडले होते का आणि मोटरमधलं तेल मोकळं फिरू देणारे बायपास व्हॉल्व्ह उघडले होते का ते विचारा. उत्तर चाचपडत आलं, तर बोली लावण्याआधी दोन्ही मोटरी उघडून बघायचा खर्च किमतीतून वजा करा.