डेव्हिड बस यांचं उत्क्रांती मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक : बारा वर्षं वर्गात वापरून लिहितेय

हा रिव्ह्यू लांबणारे, आधीच सांगते. गेली बारा वर्षं मी टीवायबीएला आणि नंतर एमएला याच पुस्तकावरून शिकवतेय, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच साठलंय. पुस्तकाचं नाव 'इव्होल्यूशनरी सायकॉलॉजी : द न्यू सायन्स ऑफ द माइंड', लेखक डेव्हिड बस, पहिली आवृत्ती १९९९ ची. विषय उत्क्रांती मानसशास्त्र, म्हणजे आपलं मन आणि वागणं उत्क्रांतीतून कसं घडत आलं याचा अभ्यास. माझी पहिली प्रत अप्पा बळवंत चौकातनं सेकंडहँड घेतलेली, तिची पानं आता सुटी झालीत आणि रबरबँड लावून ठेवलीये. सध्या वापरते ती रूटलेजची २०१९ ची सहावी आवृत्ती.

"मॅडम, यात करिअर आहे का?" हे दरवर्षी दोन-तीन मुलं तरी विचारतातच, त्यामुळे हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठीच लिहितेय.

माझं सांगते. मी पीएचडीला नाव नोंदवायला गेले तेव्हा एका विभागात मला सरळ सांगितलं की या विषयाला गाइड मिळणार नाही, क्लिनिकल घे नाहीतर इंडस्ट्रियल घे, आणि हे डार्विन वगैरे बायोलॉजीवाल्यांसाठी सोड. एसटीत बसून घरी येईपर्यंत डोळे भरून येत होते, पुस्तक पिशवीत होतं आणि ते काढून वाचायचीही इच्छा होत नव्हती. शेवटी सोशल सायकॉलॉजीत रजिस्ट्रेशन केलं, विषय घेतला महिलांच्या भिशी गटांमधला विश्वास, आणि तो विषय मला सुचला तो याच पुस्तकाच्या नवव्या प्रकरणातून. ते प्रकरण सहकार्यावर आहे, आणि अख्ख्या पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं.

म्हणजे बघा, आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी होती, महिना हजार रुपये, पहिल्या तारखेला डब्यातून चिठ्ठी काढायची. जिची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली तिच्या हातात बारा हजार पडले आणि पुढचे अकरा हप्ते अजून भरायचेत. तिने उद्या हात वर केले तर? करार नाही, सही नाही, भिशी चालवणाऱ्या काकूंच्या दोनशे पानी वहीत नावांचे उभे रकाने आणि निळ्या पेनाने केलेल्या बरोबरच्या खुणा, बस एवढंच. तरी ती भिशी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये याचं गणित मांडलं, की नात्यात नसलेल्यांनी एकमेकांना मदत करायची ही सवय तेव्हाच टिकते जेव्हा त्याच माणसांची पुन्हा पुन्हा गाठ पडते आणि फसवणारा ओळखून त्याला बाजूला काढता येतं. मी काकूंना विचारलं की नवीन बाई आली तर काय करता, तर त्या म्हणाल्या, "अगं, तिची चिठ्ठी सहा महिने डब्यात टाकतच नाही, आधी भरते कशी ते बघायचं." मी वही हातात धरून बसूनच राहिले. काकूंनी ट्रिव्हर्स वाचला नव्हता, त्यांना त्याची गरजच नव्हती, आणि नेमकं हेच या विषयाचं म्हणणं आहे.

याच प्रकरणात मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस यांचं काम येतं, ते मी वर्गात करूनच दाखवते. टेबलावर चार कार्डं मांडते, अ, क, ४, ७, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागच्या बाजूला सम संख्या असली पाहिजे, आता नियम मोडलाय का हे तपासायला कुठली कार्डं उलटायची? साठ मुलांच्या वर्गात बहुतेक जण अ आणि ४ सांगतात. बरोबर उत्तर अ आणि ७, कारण ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. हे कोडं मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं, १९६६ चं. मग मी दुसरी कार्डं मांडते, 'जेवतोय', 'जेवत नाहीये', 'कूपन आहे', 'कूपन नाही', आणि नियम सांगते की मेसमध्ये जेवायचं तर कूपन हवं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा एका सेकंदात ओरडतात की जेवणाऱ्याचं कूपन बघा आणि बिनकूपनवाला काय करतोय ते बघा! तर्क तोच, मांडणी तीच, पण फुकट खाणारा पकडायचा म्हटलं की डोकं धावतं. कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये यावरून दावा केला की फसवणारा ओळखायची खास यंत्रणा आपल्या मनात घडलेली आहे. आता हा दावा सगळ्यांना मान्य नाही, डॅन स्परबर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की वाक्य कुठल्या संदर्भात येतं त्यावरच बराच फरक पडतो, खास यंत्रणा मानायची गरज नाही. मी दोन्ही बाजू शिकवते आणि तुम्हीही पुस्तकासोबत विरोधातले पेपर वाचाच, कारण लेखक स्वतः एका बाजूचा आहे आणि ते पानोपानी जाणवतं.

जोडीदाराच्या निवडीवरची प्रकरणं बस यांच्या स्वतःच्या संशोधनावर उभी आहेत. १९८९ चा तो प्रसिद्ध अभ्यास, ३३ देश, ३७ संस्कृती, १०,०४७ माणसं, भारतही त्यात होता. ३७ च्या ३७ ठिकाणी पुरुषांना वयाने लहान बायको हवी होती आणि ३६ ठिकाणी बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं. हे सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासात बायका आणि पुरुष दोघांनीही समजूतदारपणा आणि बुद्धी या गोष्टी यादीत सगळ्यात वर ठेवल्या होत्या, ते कोणी सांगत नाही. एकदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "म्हणजे मुली पैसाच बघतात हे सिद्ध झालं ना?" त्या दिवशी पुढचं शिकवायचं बाजूला ठेवून पूर्ण तास यावरच बोलले, की सरासरी म्हणजे तुझ्या शेजारी बसलेली मुलगी नव्हे, आणि एखादी गोष्ट तशी घडत आलीये म्हणून ती तशीच असावी असं होत नाही. हा तास दरवर्षी घ्यावा लागतो. पुस्तकातही सुरुवातीला हे गैरसमज खोडून काढलेत, पण ती दीड-दोन पानं मुलं भरभर पुढे ढकलतात, म्हणून शिकवणाऱ्याने तिथे थांबायलाच पाहिजे.

याच भागासाठी मी मुलांना वधू-वर जाहिरातींची कात्रणं आणायला सांगते. 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' आणि 'निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट' हे सगळं येतंच, मुलं खूश होतात की पुस्तकाशी जुळलं. आणि मग तीन वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, ही जाहिरात मुलाने लिहिलीये का त्याच्या आईने?" इतका नेमका प्रश्न! आपल्याकडे निवड करणारे बऱ्याचदा आईवडील असतात, आणि त्यांना सुनेत-जावयात जे हवं ते पोरांना हवं असेलच असं नाही. पुस्तक मात्र बहुतेक ठिकाणी निवडणारा एकटा माणूस आहे असंच धरून चालतं. २०२० मध्ये ४५ देशांत १४,३९९ लोकांवर हाच अभ्यास पुन्हा झाला, रूप आणि कमाईचे निष्कर्ष टिकले, पण स्त्री-पुरुष समानता जिथे जास्त तिथे जोडप्यांमधलं वयाचं अंतर कमी निघालं. ३७ संस्कृतींच्या मूळ पेपरमध्येच लिहिलंय की खेड्यातले आणि कमी शिकलेले लोक त्यात कमी आलेत, हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते.

नात्यांचं प्रकरण मुलांना फार भिडतं. आजी-आजोबांपैकी कोण जास्त जीव लावतं यावर जर्मनीत १९९६ मध्ये अभ्यास झाला, आईची आई सगळ्यात वर, वडलांचे वडील सगळ्यात खाली. कारण सांगितलं जातं ते असं की आईकडून नातं शंभर टक्के नक्की असतं, बापाकडून प्रत्येक पिढीला थोडी शंका उरते. वर्गात हात वर करायला सांगितले की शहरातली पोरं लगेच आजोळच्या आजीसाठी हात वर करतात, मे महिना, आंबे, सगळं निघतं. पण खेड्यातून आलेली म्हणतात की आम्हाला तर वडलांच्या आईनेच वाढवलं. आणि ती चूक नाहीत, २००० मध्ये ग्रीसच्या खेड्यांत असंच निघालं होतं, तिथे लग्नानंतर वडलांच्या घराशीच संबंध जास्त, म्हणून वडलांकडचे आजी-आजोबा नातवंडांचं जास्त करत होते. असं काही सापडलं की वर्ग जिवंत होतो, मुलं आपापल्या घरात बघायला लागतात.

त्रुटी काय, तर तेरा प्रकरणांपैकी तीन पूर्ण जोडीदारावर आणि अकरावं पुन्हा स्त्री-पुरुष संघर्षावर. हा लेखकाचा आवडता विषय, मान्य, पण शिकणं, बालपण, भाषा यांना त्यामानाने फार कमी जागा मिळालीये. भारतातली उदाहरणं तर शिकवणाऱ्यालाच शोधावी लागतात. जगण्याच्या प्रकरणात मसाल्यांचा मुद्दा येतो, की उष्ण देशांत जंतू मारायला मसाले जास्त वापरतात (३६ देशांतल्या ४,५७८ पाककृती मोजल्या होत्या, १९९८ ची गोष्ट). आपल्या कांदा-लसूण मसाल्यामुळे मुलांना हे पटकन पटतं, पण २०२१ मध्ये जास्त मोठ्या तपासणीत त्याला फारसा आधार मिळाला नाही, तेव्हा हा भाग शिकवताना जपून.

आता करिअर. बस यांनी १९८१ मध्ये बर्कलेतून पीएचडी केली, मग हार्वर्ड, मग मिशिगनमध्ये अकरा वर्षं, आणि १९९६ पासून टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, जिथे ते स्वतः बीएला होते. याच विषयातले बाकीचे, म्हणजे कॉस्मिडीस आणि जॉन टूबी कॅलिफोर्निया विद्यापीठात सांता बार्बराला होते, मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात होते. या लोकांनी सुरुवात केली तेव्हा या नावाच्या जागा निघत नव्हत्या, पदं पर्सनॅलिटीची, मानववंशशास्त्राची, प्राणिवर्तनाची होती आणि तिथे बसून त्यांनी हा विषय उभा केला. म्हणून माझ्या मुलांना सांगते की विभागाच्या पाटीवर विषयाचं नाव नसलं तरी रडत बसू नका, प्रश्न तुमचा ठेवा. स्टॅटिस्टिक्स पक्कं करा, 'आर' (R) ही त्यासाठीची कॉम्प्युटरची भाषा शिका, जीवशास्त्राची एक तरी पायाभूत परीक्षा द्या, आणि एखाद्या गावात किंवा गल्लीत जाऊन वही घेऊन बसा. माझी एक विद्यार्थिनी आता ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांमध्ये उचल आणि विश्वास यावर काम करतेय, तिचा फोन आला की माझा दिवस चांगला जातो.

विकत घ्यायचं तर नवीन प्रत महाग आहे, कॉलेजच्या लायब्ररीला मागणीपत्र द्या आणि स्वतःसाठी चौथी-पाचवी आवृत्ती जुन्यात मिळाली तरी घेऊन टाका, पाया तोच आहे. इंग्रजी सोपं आहे, मराठी माध्यमाच्या मुलांनाही पंधरा-वीस पानांनंतर सवय होते. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका, तो इतिहास कंटाळवाणा वाटू शकतो, थेट नववं उघडा. कार्डांचं कोडं आलं की उत्तर न बघता घरातल्या कोणाला तरी विचारा, आधी अक्षरांचं, मग कूपनचं.