धूळ काढायला आला आणि रॅम घेऊन गेला

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी भागात ज्यांची दुकानं आहेत त्यांनी हे आधी वाचा. 'कॉम्प्युटरला एअर मारून सर्व्हिस करून देतो, फक्त ५०० रुपये' म्हणत बॅग अडकवून कुणी आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. माझे ७,४५० रुपये गेले.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं सेंटर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलांच्या कामाला उसंत नाही. त्यात रस्त्याची धूळ आणि टोनरची पूड. सीपीयू तापून घरघरत होता. साफसफाई हवीच होती, उगीच पैसे उधळले असं कुणी म्हणू नये.

त्यानं झाकण काढलं, हवेचा डबा सरळ उलटा धरला आणि नळी रॅमजवळ, म्हणजे मेमरीच्या पट्टीजवळ, खुपसून मारतच राहिला. बोर्डावर पांढरं पांढरं जमलं. मी विचारलं, "हे काय हो?" तर म्हणे, "ताई, गॅस आहे, त्यानं धूळ सुटते." तिथंच त्याला हाकलायला हवं होतं! डबा उलटा केला की हवेऐवजी आतला द्रव बाहेर येतो, बर्फासारखा गार, आणि त्यावर हवेतला ओलावा गोठतो. डबा उभा धरायचा, थोडी थोडी हवा मारायची, एवढं या धंद्यातल्या माणसाला कळत नसेल होय? पंख्यालाही बोट लावलं नाही. हवेच्या जोरानं पातं शिट्टी वाजवत सुसाट फिरत होतं. पातं धरून हवा मारतात, नाहीतर बेअरिंग जातं. हे सगळं मला नंतर समजलं. टायपिंगवालीला आधीच कुठून माहीत असणार?

ते पांढरं वाळायच्या आत त्यानं बटण दाबलं. स्क्रीन काळी. "बोर्ड शॉर्ट झालाय ताई, दुकानात न्यायला लागंल." समोर गिऱ्हाईक उभं, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं अ‍ॅफिडेव्हिट मशीनमध्ये अडकलेलं. अशा वेळी कोण वाद घालत बसतं?

सर्व्हिसचे ५००, बोर्ड दुरुस्ती ३,८५०, पॉवर सप्लाय १,२००. सगळं यूपीआयनं दिलं. कच्च्या बिलावर नुसतं 'रिपेअर' लिहिलेलं, दुकानाचं नाव नाही. मशीन आलं ते रखडतच चालायला लागलं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघितली, तर १६ जीबीच्या जागी ८. 'नवा' पॉवर सप्लाय जुनाच, त्यावर माझ्याच मार्करनं लिहिलेली तारीख! दुसऱ्या मेकॅनिकनं बोर्ड बघितला, डाग दिल्याची खूणसुद्धा नाही. रॅम नुसती सैल केली तरी डिस्प्ले जातो म्हणाला. नवी स्टिक १,९०० ला पडली.

मशीन बाहेर देण्याआधी रॅमच्या स्टिकरचा फोटो काढा, सिरियल नंबर दिसेल असा. हार्ड डिस्क काढून घरी ठेवा.

आता चौकीचं ऐका. आधी "साहेब राउंडला गेलेत". मग "मशीन तुम्ही स्वतःच्या हातानं दिलं, मग चोरी कशी?" एक टेबल म्हणतं पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. दुसरं म्हणतं वस्तू हातानं दिली, सायबरमध्ये बसत नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "सात हजारासाठी कशाला दगदग करताय मॅडम?" सात हजार म्हणजे किती पानं टाइप करावी लागतात, हे त्या खुर्चीत बसून कळणार नाही. हा माणूस रोज नवीन दुकानात शिरतोय आणि यांना कलम सापडत नाही!

शेवटी एका वकीलसाहेबांनीच सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका.

आणि साफसफाई स्वतःच करा. वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मशीन गॅलरीत न्या. पॉवर सप्लायचं खोकं उघडू नका, आत करंट साठलेला असतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, टाकीतलं पाणी आणि तेल सगळं बोर्डावर येतं.

ज्यांच्याकडं हाच प्रकार झालाय त्यांनी यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ते कच्चं बिल जपून ठेवा आणि मला कळवा. चार-पाच अर्ज एकदम गेले तर चौकीत परत पाठवणं त्यांना जड जाईल.