पती-पत्नी स्पॉन्सरशिपसाठी घेतलेली सल्लागार सेवा: मिसिसागातील अनुभव

2024 मध्ये मी माझ्या पतींना कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथल्या कायमस्वरूपी वास्तव्यासाठी, स्पॉन्सर केले आणि त्या कामासाठी टोरोंटोजवळच्या मिसिसागातील एका परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारांची सेवा घेतली. अर्ज मंजूर झाला आणि मे 2025 मध्ये पती टोरोंटोला उतरले, हे आधीच सांगते. मात्र अर्ज मंजूर झाला म्हणून सेवा उत्तम होती, असा हिशेब मी मांडणार नाही, कारण सेवेतल्या काही गोष्टी खरोखर मोलाच्या होत्या आणि एक गोष्ट आम्हाला महागात पडली. ती चूक सल्लागारांनी मान्य केली आणि निस्तरलीही, त्यामुळे कार्यालयाचे नाव इथे देणे मला योग्य वाटत नाही.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मी दुसऱ्या एका कार्यालयात चौकशी केली होती. तिथे पहिल्या दहा मिनिटांतच काम नक्की होईल, अशी हमी मिळाली. घरी येऊन कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत तिथल्या सल्लागाराचे नाव शोधले, तर ते कुठेच नव्हते. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार या संस्थेचे परवानाधारक, वकील, वकिलांच्या संस्थेचे परवानाधारक पॅरालीगल आणि क्युबेकमधील नोटरी यांनाच आहे. त्यामुळे कोणाच्या ओळखीने कन्सल्टंट गाठत असाल, तरी आधी नोंदवही पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांना मी शेवटी निवडले त्यांनी निकालाची हमी द्यायला स्पष्ट नकार दिला, लेखी करार समोर ठेवला आणि फी सांगितली: 2,800 डॉलर, त्यावर 13 टक्के एचएसटी हा विक्रीकर, म्हणजे एकूण 3,164 डॉलर. सरकारी शुल्क वेगळे.

पहिल्या भेटीत त्यांनी जे समजावले ते नीट होते. पती नाशिकला असल्यामुळे अर्ज देशाबाहेरून, म्हणजे आउटलँड करायचा; तो नामंजूर झाला तर स्पॉन्सर म्हणून मला अपील करता येते, कॅनडात राहून केलेल्या, म्हणजे इनलँड अर्जात ते अपील नसते. पती किंवा पत्नीला स्पॉन्सर करण्यासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, ही गोष्ट मला त्यांच्याकडूनच पक्की कळली. तोवर मी उगीच जास्तीच्या शिफ्ट घेत होते. मी स्वतः नोकरीच्या बळावर पीआर झाले होते. ज्यांना जोडीदाराने स्पॉन्सर केलेले असते त्यांना पुढे दुसरा जोडीदार स्पॉन्सर करण्यापूर्वी पाच वर्षे थांबावे लागते, तो प्रश्न माझ्या बाबतीत नव्हता. आणि हमीपत्राचा अर्थ त्यांनी सही घेण्यापूर्वी वाचून सांगितला: पती पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षे त्यांच्या मूलभूत गरजांची जबाबदारी माझी, मधल्या काळात घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. लग्नाला महिना झालेल्या बाईला हे वाक्य ऐकवणे सोपे नसते. त्यांनी ते ऐकवले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

या सेवेचे खरे मोल मला नात्याविषयीच्या फॉर्ममध्ये दिसले. आयएमएम 5532 या फॉर्ममध्ये तुम्ही कसे भेटलात, ओळख कोणी करून दिली, लग्न कधी ठरले, समारंभाला कोण होते, असे प्रश्न असतात. आम्ही पहिल्या खेपेला लिहिले होते, ‘आमचा विवाह दोन्ही कुटुंबांच्या संमतीने ठरला.’ मराठी घरात एवढे वाक्य पुरते, त्यामागचे सगळे ऐकणारा समजून घेतो. सल्लागारांनी तो कागद परत पाठवला आणि समासात प्रश्न लिहिले. स्थळ कोणी सुचवले? तुम्ही किती महिने बोलत होता? प्रत्यक्ष किती दिवस भेटलात? तुम्ही स्वतः होकार का दिलात?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर लिहिताना मला दोन रात्री लागल्या. स्थळ माझ्या मामेबहिणीने सुचवले होते, पत्रिका जुळली होती, चार महिने आम्ही रोज व्हिडिओवर बोलत होतो, आणि मला तीनच आठवड्यांची रजा मिळाल्यामुळे साखरपुडा व लग्न डिसेंबर 2023 मध्ये एकाच खेपेत उरकले. आम्हाला यात काहीच वावगे वाटत नव्हते. पण कॅनडाच्या नियमात दोन कसोट्या आहेत: नाते खरे असले पाहिजे आणि लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेले नसले पाहिजे. दोहोंपैकी एकीत कमी पडले तरी अर्ज नाकारता येतो. विमानातून उतरल्यापासून एकोणीस दिवसांत लग्न लावून परत गेलेली मुलगी अधिकाऱ्याला कशी दिसेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. सल्लागार मराठी नव्हते, आणि याच कारणाने ते आमच्या लग्नाकडे परक्याच्या नजरेने पाहू शकले. रजेचे पत्र, मंगल कार्यालयाच्या आरक्षणाची पावती आणि मुहूर्त का पाळला जातो याचे चार ओळींचे स्पष्टीकरण त्यांनी जोडायला लावले.

एक फोटो तर मी कधीच विसरणार नाही. फोटो वीसपेक्षा जास्त द्यायचे नसतात, म्हणून आम्ही निवडून पाठवले होते. त्यात लक्ष्मीपूजनाचा एक होता: ताटात पसरलेले तांदूळ, त्यावर अंगठीने गिरवलेले ‘शर्वरी’ हे नाव, आणि बाजूला सासूबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात. सल्लागारांनी ताटात काय लिहिले आहे असे विचारले, मी वाचून दाखवले, आणि त्यांचा पुढचा प्रश्न होता, ही शर्वरी कोण? माझ्या पासपोर्टवर, पीआर कार्डावर, लग्नपत्रिकेत, विवाह नोंदणी प्रमाणपत्रात कुठेच ते नाव नव्हते. सासरी हौसेने ठेवलेले ते नाव सासूबाईंनी आठ दिवस वापरले आणि मग त्याही मला माहेरच्या नावानेच हाक मारू लागल्या. पण कधी दुसरे नाव वापरले आहे का, हा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. फोटो काढून टाकू, असे मी म्हटले. त्यांनी तो ठेवायला सांगितले आणि प्रथेचे स्पष्टीकरण खाली लिहून दिले, कारण खऱ्या लग्नाचा त्याहून चांगला पुरावा आमच्याकडे दुसरा नव्हता.

संभाषणाच्या पुराव्यालाही दहा पानांची मर्यादा असते. मी लाडाचे, आठवणींचे संदेश निवडले होते. त्यांनी त्यातले निम्मे बाजूला ठेवून सासऱ्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाचे, गॅस सिलिंडर संपल्याचे, विम्याचा हप्ता कोणी भरायचा याचे संदेश घेतले. तेव्हा मला वाईट वाटले होते, पण आज ती पाने वाचताना संसार त्यातच दिसतो.

आता चुकीविषयी. माझे पती 2019 मध्ये कंपनीच्या कामासाठी नऊ महिने सिंगापूरला होते. जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलो, त्या देशाचे पोलिस प्रमाणपत्र लागते. कार्यालयातील सहाय्यकांनी सुरुवातीला जी प्रश्नावली पाठवली तिच्यात फक्त सध्याचा पत्ता विचारला होता, त्यामुळे यादीत केवळ भारताचे पोलिस प्रमाणपत्र (पीसीसी) आले. ते पासपोर्ट सेवेतून विनासायास मिळाले. एप्रिलच्या सुरुवातीला पती गेल्या दहा वर्षांचा तपशील एकही महिना न वगळता भरायला बसले, तेव्हा सिंगापूर पुढे आले. तिथल्या पोलिसांच्या प्रमाणपत्रासाठी बोटांचे ठसे लागतात. ते नाशिकमध्ये घेणे, पाठवणे, उत्तराची वाट पाहणे यात सहा आठवडे गेले. त्याच दरम्यान, 30 एप्रिल 2024 रोजी, सरकारी शुल्क वाढले. स्पॉन्सरशिप, प्रक्रिया आणि पीआर हक्क मिळून आधी 1,080 डॉलर होत होते, ते 1,205 झाले. बायोमेट्रिक्सचे 85 वेगळे. सव्वाशे डॉलरचे दुःख फारसे नाही. पण ज्या घरात एकजण रात्री अकराला फोन ठेवतो आणि दुसऱ्याची तेव्हा सकाळ झालेली असते, त्या घरात सहा आठवडे फार मोठे असतात. पहिल्याच दिवशी दहा वर्षांचा इतिहास विचारणे हे या व्यवसायातले मूळ काम आहे, आणि ते इथे झाले नाही. मी तसे लिहून कळवल्यावर सल्लागारांनी स्वतः फोन केला, सबब सांगितली नाही आणि शेवटच्या हप्त्यातून 300 डॉलर वजा केले.

दुसरी तक्रार लहान आहे. सल्लागाराला प्रतिनिधी नेमले की सरकारचा पत्रव्यवहार त्याच्याकडे जातो. वैद्यकीय तपासणीचे पत्र त्यांना गुरुवारी आले आणि आम्हाला सोमवारी कळले. तपासणीसाठी तीस दिवसांची मुदत असते, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे मुंबईला जायचे असते, तिथली वेळ मिळवायची असते. त्यात चार दिवस वाया घालवणे बरे नाही. करार करतानाच पत्र कितीव्या दिवशी पोहोचवणार, हे लिहून घ्यावे.

अर्ज मे 2024 च्या शेवटी गेला आणि निर्णय पुढल्या एप्रिलमध्ये आला. मधल्या महिन्यांत मी दर पंधरा दिवसांनी विचारणा करत असे आणि सल्लागार दर वेळी, सध्या करण्यासारखे काही नाही, एवढेच सांगत. त्या काळात ते उत्तर मला कोरडे वाटायचे, पण ते खरे होते आणि खोटा दिलासा त्यांनी एकदाही दिला नाही.

कोणी मला विचारले, तर मी असे सांगेन. फॉर्म भरण्यासाठी एवढे पैसे देण्याची गरज नाही. सरकारची आयएमएम 5289 ही मार्गदर्शिका फुकट आहे, सोपी आहे, आणि शांतपणे दोन रविवार दिले तर सुशिक्षित माणसाला सगळे फॉर्म भरता येतात. आम्ही ती मार्गदर्शिका आधी वाचली असती तर सिंगापूरची चूकही टळली असती. मात्र लग्न घाईत झाले असेल, प्रत्यक्ष सहवास थोडा असेल, आधीचा घटस्फोट असेल किंवा नावांचा घोळ असेल, तर नात्याचा फॉर्म आणि पुरावे परक्या, जाणत्या नजरेखालून एकदा जाऊ द्यावेत. काही सल्लागार तयार अर्ज केवळ तपासून देतात आणि त्याची फी पूर्ण कामापेक्षा बरीच कमी असते. मी आज अर्ज करणार असते, तर याच सल्लागारांकडे गेले असते, पण तेवढ्याच कामासाठी.