खांदा बदलायचाय: अ‍ॅनाटॉमिक घ्यावा की रिव्हर्स?

संधिवाताने खांदा झिजलाय, इंजेक्शनं झाली, फिजिओ झाला, आणि आता डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढून "घरी विचार करून सांगा" म्हटलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझा डावा खांदा बदललाय, अ‍ॅनाटॉमिक, म्हणजे मूळच्या सांध्यासारखाच: दंडाच्या हाडाला गोळा, पात्याच्या बाजूला खोबण. थोरल्या बहिणीचा उजवा, रिव्हर्स, म्हणजे त्याच्या उलटा. दोघांचंही बरं चाललंय, त्यामुळे एक चांगला नि दुसरा टाकाऊ असं सांगायला बसलेलो नाही.

फक्त गोळा बदलायचा आणि खोबण मूळचीच ठेवायची, हा तिसरा पर्याय काही फ्रॅक्चरमध्ये किंवा तरुण पेशंटसाठी निघतो. संधिवातात मूळची खोबण धातूवर घासत राहते आणि दुखणं परत सुरू होऊ शकतं. आमच्याकडे त्यावर फार बोलणं झालंच नाही.

खरी निवड करायची वेळ पुष्कळांवर येतच नाही, कारण ती रोटेटर कफ, म्हणजे सांध्याभोवतीचे चार स्नायू, आधीच करून टाकतो. अ‍ॅनाटॉमिकमध्ये नवा गोळा खोबणीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम याच चार स्नायूंचं. ते फाटलेले असतील तर गोळा वर सरकतो, प्लास्टिकची खोबण एका कडेने दाबली जाते आणि हळूहळू सैल होते. बहिणीचं तसंच होतं. हात खांद्याच्या उंचीलाही जात नव्हता. रिव्हर्समध्ये खोबणीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी बसवतात. पॉल ग्रामाँ या फ्रेंच सर्जनने 1985 च्या सुमारास ही रचना पुढे आणली. तिने सांध्याचं केंद्र आत आणि खाली सरकतं, त्यामुळे फाटलेल्या कफऐवजी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. बहीण आता फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढते. ऑपरेशनच्या आधी तिला भांग पाडायलाही सुनेची मदत लागायची.

माझा कफ शाबूत होता. डॉक्टरांनी हात पाठीमागे न्यायला लावला आणि तळहाताची मागची बाजू कमरेपासून दूर ढकलायला सांगितली. कुरकुरत का होईना, जमलं. म्हणजे दोन्ही दारं उघडी. तरी त्यांनी रिव्हर्सचाही विचार करा म्हटलं, आणि त्यात तथ्य होतं: साठी उलटल्यावर आज धड असलेला कफ पुढे कधीतरी फाटू शकतो, मग अ‍ॅनाटॉमिक काढून रिव्हर्स बसवावा लागतो. एकाच खांद्यावर दुसरं ऑपरेशन कोणाला हवंय?

आता जी गोष्ट माहितीपत्रकात कुठे सापडली नाही ती. शौचाला गेल्यावर आपण डावा हात वापरतो, आणि माझा डावाच खांदा बदलायचा होता. रिव्हर्समध्ये हात वर छान जातो, पण पाठीमागे जाताना बऱ्याच जणांचा अडतो. शिवाय हात मागे आणि आत वळवलेला, हीच सांधा निखळण्याची स्थिती, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तर तिकडे हात नेऊच देत नाहीत. बहिणीचा उजवा खांदा असल्यामुळे हा प्रश्न तिला आला नाही. पण साडी कमरेभोवती फिरवताना उजवा हात मागे पोचत नाही, तेव्हा अजूनही कोणाला तरी हाक मारते. डॉक्टरांना मी आडपडदा न ठेवता विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कमरेपर्यंत बहुधा जाईल, त्याच्या मागे किती, याची खात्री नाही देता येणार." माझा निर्णय तिथेच झाला. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे: आज डावा हात आपलं काम करतो, आणि लेंग्याचा मागचा भाग वर ओढायलाही पुरतो. रिव्हर्स झालेल्या सगळ्यांचंच अडतं असं नाही, हेही सांगायला हवं.

सुरुवातीच्या दिवसांत मात्र बहिणीचा हेवा वाटला. अ‍ॅनाटॉमिकमध्ये सांध्यापर्यंत पोचण्यासाठी कफमधला पुढचा स्नायू बहुतेक वेळा सोडवून परत शिवतात. ती शिवण धरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, हात बाहेरच्या बाजूला वळवायचा नाही, जड दार ओढायचं नाही, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचं नाही. जमिनीवर बसायची सवय असलेल्याला हे फार जड जातं, कारण उठताना हात आपोआप टेकला जातो. मी पाटावरचं जेवण तेवढ्यापुरतं सोडून दिलं. बहिणीलाही हात टेकायला मनाई होती, पण तिच्या हाताची झोळी लवकर सुटली. रात्री आडवं झोपवत नाही, ते दोघांनाही सारखंच: पाठीला उशांचा ढीग आणि कोपराखाली एक छोटी उशी. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. फिजिओ काही महिने चालतो आणि सुधारणा वर्षभर होत राहते. माझा हात उजव्याइतका वर अजून जात नाही, पण रात्रीची ठणक गेली.

खर्चाचं एक लक्षात ठेवा. सरकारने 2017 मध्ये इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली ती गुडघ्यासाठी, म्हणून खांद्याच्या इम्प्लांटची किंमत आधीच वेगळी लिहून मागा आणि पॉलिसीतला वेटिंग पिरियड तपासा.

पंचाहत्तरीच्या पुढे असाल किंवा खोबणीचं हाड एका बाजूने फार झिजलेलं असेल, तर रिव्हर्सच घ्या म्हणणाऱ्या डॉक्टरांशी मी तरी वाद घालणार नाही. कफ धड असेल आणि खांदा डावा असेल, तर मात्र अ‍ॅनाटॉमिकबद्दल एकदा नीट विचारा. आणि कुठलाही घ्या, ऑपरेशनच्या आधी प्लंबरला बोलावून जेट स्प्रे चांगल्या हाताच्या बाजूला बसवून घ्या. झोळीतले आठवडे दोन्हीकडे त्याच हातावर काढायचे असतात.