रिपग्रेप : अनोळखी कोडातली वाट

पणजीला पाटोवरच्या आमच्या कार्यालयात पतसंस्थांच्या हिशेबाची एक जुनी प्रणाली सांभाळली जाते. वीस वर्षांत अनेकांच्या हातांखालून गेलेला तिचा लाखो ओळींचा कोड संपूर्ण जाणणारा माणूस आता आमच्याकडे उरलेला नाही. त्यामुळे कोड लिहिण्यापेक्षा तो शोधण्यातच आमचा अधिक वेळ जातो आणि त्यासाठी मी गेली तीन वर्षे रोज रिपग्रेप हे फाइलींतला मजकूर शोधणारे साधन वापरतो.

अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहिलेले हे साधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकातील शोधाच्या मागेही तेच काम करते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘आरजी’ आणि पुढे हवा तो शब्द टंकला की सगळे फोल्डर एकाच वेळी अनेक थ्रेडांवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, पालथे घातले जातात. आमच्या प्रणालीत उत्तर येईपर्यंत कीबोर्डवरून हातही उचलावा लागत नाही. वेगाबाबत माझी काहीच तक्रार नाही.

मात्र आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीला कोडात काय नाव आहे, हे ठाऊक नसेल तर निव्वळ वेग उपयोगी पडत नाही. गेल्या वर्षी फोंड्याच्या एका पतसंस्थेकडून तक्रार आली, की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत हप्त्याची तारीख आलेल्या सभासदांना दंडव्याज लागले आहे. मी ‘हॉलिडे’ शोधले तेव्हा चारशेहून अधिक ओळी आल्या, आणि त्यांतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांच्या रजेच्या होत्या. शेवटी पावतीवर छापलेला ‘दंडव्याज’ हाच शब्द देवनागरीत टाकला. रिपग्रेपला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत, नीट कळत असल्याने मजकुराच्या फाइलमधली एकच ओळ समोर आली. तिच्यातल्या मजकुराच्या क्रमांकावरून तो वापरणारे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडाचा तुकडा, सापडले आणि तेथून तारीख तपासणारे दुसरे. त्याचे नाव होते ‘एनडब्ल्यूडी’, म्हणजे ‘नॉन-वर्किंग डे’. वापरकर्त्याला पडद्यावर किंवा कागदावर दिसणाऱ्या शब्दापासून आत शिरावे, हे मी तेव्हापासून नव्या मुलांना आवर्जून सांगतो.

फंक्शन निर्दोष होते, पण सुट्ट्यांची यादी कोठे आहे हे शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला. प्रत्येक संस्थेची यादी वेगळी असल्याने ती फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे कोडाच्या सामायिक नोंदीतून वगळायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवलेली होती, आणि अशा फाइल रिपग्रेप मुळातच वगळते. ‘यू’ हा पर्याय एकदा दिला की हे बंधन उठते, दोनदा दिला की लपवलेल्या फाइलही तपासल्या जातात आणि तीनदा दिला की बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेल्या, फाइलसुद्धा. यादी उघडली तर तीत चवथीचा दुसरा दिवसच नव्हता. काहीच सापडले नाही तर ‘कोडात नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ‘यू’ लावून पाहावे.

मराठी मजकूर शोधणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. ‘भरणाऱ्या’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो, डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण रिपग्रेप त्या रूपांना एक मानत नाही. म्हणून मी अशा शब्दांचा ‘भरणा’ एवढाच भाग शोधतो.

हे साधन अनुक्रमणिका बनवत नाही, प्रत्येक वेळी फाइल नव्याने वाचते. एका प्रणालीसाठी ते सोयीचेच आहे, कारण आत्ता बदललेली ओळही लगेच सापडते. कोडाची शेकडो भांडारे असलेल्या संस्थेने मात्र ल्युसीन हे शोध-इंजिन आणि सीटॅग्ज हे कोडातल्या नावांची सूची करणारे साधन यांवर उभारलेल्या, अनुक्रमणिका बनवणाऱ्या ओपनग्रोककडे वळावे. तेथे एखाद्या नावाची व्याख्या आणि त्याचे वापर वेगवेगळे शोधता येतात, जे रिपग्रेपला जमत नाही. आम्हाला अजून तशी गरज भासलेली नाही.

‘एनडब्ल्यूडी’च्या डोक्यावर आम्ही आता एक टिप्पणी लिहून ठेवली आहे : ‘सुट्टी, चवथ, दंडव्याज’. या जूनमध्ये रुजू झालेल्या मुलीने ‘सुट्टी’ शोधले आणि ती पहिल्याच फटक्यात तेथे पोहोचली.