सदाफुली: सोलापूरच्या गच्चीवरचे अकरा महिने

सोलापुरात बाग करायची तर आधी पाण्याचा हिशेब. आमच्याकडे, जुळे सोलापुरात, नळ चार-पाच दिवसांआड येतो. मोगरा गेला, शेवंती गेली, गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्या. म्हणून गेल्या जूनमध्ये सहा हायब्रिड सदाफुल्या आणल्या, आणि सासूबाईंनी अक्कलकोटहून पुडीत बांधून दिलेलं गावठी बीही पेरलं.

हायब्रिडची फुलं दिसायला झकास, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, रोज दोन वेळा पाणी घाला." मी घातलं. कुंड्यांत शेतातली निव्वळ काळी माती, त्यात सप्टेंबरचा पाऊस. एका सकाळी बघते तर खोड मातीलगत जळक्या वातीसारखं काळं. जरा ओढलं तर मुळाशिवाय हातात आलं. अशा चार गेल्या. शेजारच्या आजी कठड्यावरून म्हणाल्या, "एवढं पाणी घालायलाव काय ओ, भात लावलाय का?"

तेव्हापासून काळ्या मातीत निम्मी वाळू आणि मूठभर शेणखत, आणि माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. मे महिन्यात दुपारी पानं लांबट मुडपतात, बघून जीव जातो. पण संध्याकाळी परत ताठ. फुलं थांबली नाहीत.

बियांच्या बाबतीतही आधी मी चुकले. वरच भुरभुरले, काही उगवलं नाही. या बीला अंधार लागतो. दुसऱ्यांदा पातळ माती पसरून वर ओलं पोतं टाकलं, तेव्हा कुठे कोंब आले. शेंगा जोडीजोडीने लागतात, बारीक चवळीसारख्या. पिवळट झाल्या की तोडायच्या, नाहीतर तडकून चहापुडीसारखं काळं बी गच्चीभर. एक रोप तर टाकीखालच्या फटीत आलंय, आणि सगळ्यात जास्त तेच फुलतं. हायब्रिड पुन्हा घेणार नाही.

आता औषधाचं. आजी साखरेसाठी रोज दोन पानं चावायच्या. मूळची मादागास्करची ही सदाफुली अनेक देशांत मधुमेहावर वापरत, म्हणूनच 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी ती तपासली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध निघालं, पुढे व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात हे दुसरं आजही देतात. काही शे किलो वाळक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध मिळतं, तेही डॉक्टर मोजून शिरेतून देतात. पेशी मारणारी वस्तू उपाशीपोटी चावायची नसते. रानात शेळीसुद्धा हिला तोंड लावत नाही.

हे आजींना सांगितलं तर आठवडाभर अबोला. आता सकाळी परडी घेऊन येतात. देवासाठी फुलं देते, पानं नाही.